सांताक्रूझला लोकल जात नाही

"शनिवारी सांताक्रूझला जाऊ," म्हटल्यावर बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "स्लो पकड. फास्ट थांबत नाही तिथे."

हे सांताक्रूझ कॅलिफोर्नियातलं. हायवे १७ची वळणं उतरलं की थोड्याच वेळात समोर पॅसिफिक, आणि वाळूला अगदी खेटून १९०७ सालापासूनचं बीच बोर्डवॉक, म्हणजे समुद्रकाठचं मनोरंजन पार्क. आत शिरायला तिकीट नाही, पैसे राइडचे. बाबांना तेच चमत्कारिक वाटलं. रेल्वेत रुळांच्या देखभालीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. तिकीट कुणी विचारलंच नाही, तर आपलं काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटतं.

मुलाला जायचं होतं फक्त जायंट डिपरमध्ये. लाल-पांढरा लाकडी रोलर कोस्टर. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. रांगेच्या तोंडाशीच उंची मोजायची पट्टी होती, ५० इंचांची. पठ्ठ्या चवड्यांवर उभा राहिला. तिथल्या मुलीने हसून खाली बोट दाखवलं, टाचा टेकल्या आणि एक इंच कमी पडला. डोळे भरले. नवरा त्याला घेऊन समुद्राकडे गेला आणि बाबा म्हणाले, "त्याच्या जागी मी येतो."

पाठदुखी, हृदयविकार वगैरे असल्यास बसू नये, अशी पाटी होती. त्यांनी ती ओळ न ओळ वाचली. "यातलं मला काही नाही."

रांग लांब होती, पण माझा वेळ छान गेला, कारण बाबा रांगेत नव्हतेच, ते ड्यूटीवर होते. मी घरून वाचून आलेली माहिती पुरवत होते: १९२४ साली उघडला, आर्थर लूफने उभारला, ५०,००० डॉलर, ४७ दिवस. "किती दिवस?" त्यांनी दोनदा विचारलं. मग डोक्यावरून गाडी धडधडत गेली तेव्हा शेजारच्या खांबाला तळवा लावून उभे राहिले.

"हलतंय."

मी घाबरून बघितलं.

"हलायलाच हवं. ताठ राहिलं असतं तर केव्हाच मोडलं असतं."

१९८९च्या ऑक्टोबरमध्ये ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रबिंदू इथल्याच डोंगरांत. गावातली भर बाजारपेठ कोसळली, हा सांगाडा मात्र उभा राहिला. ते ऐकून त्यांनी खांबावर दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा.

रूळ पाहून मात्र ते जरा हिरमुसले. अखंड पोलाद नाहीच. एकावर एक लाकडी फळ्या आणि वर चाकांसाठी पोलादी पट्टी. अशा कोस्टरवर पार्क उघडण्याआधी माणसं रुळावरून चालत तपासणी करतात, हे सांगितल्यावर चेहरा खुलला. "म्हणजे कीमन आहे की इथेही!" कीमन म्हणजे रुळावरून चालत तपासणी करणारा रेल्वेचा माणूस. पुढची गाडी पुरेशी लांब गेल्याशिवाय मागची सुटत नाही, हेही त्यांनी आपणहून हेरलं. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळाच्या एका टप्प्यात, एकच गाडी.

फलाटावर एक मुलगा प्रत्येक डब्यातला दांडा हाताने ओढून बघत गेला आणि शेवटी त्याने अंगठा वर केला. पॅनलवरच्या मुलीनेही अंगठा दाखवला, तेव्हा गाडी सुटली. बाबांनीही अंगठा वर केला. गार्डाला झेंडा दाखवल्यासारखा.

सुरुवातीलाच मिट्ट काळोखाचा बोगदा. वाकडातिकडा, डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा. मग उजेड, मग चढ. टक-टक-टक-टक. "हा चेनचा आवाज नाही," बाबा माझ्या कानाशी ओरडले, "गाडी मागे घसरू नये म्हणून खटका दातांवरून चाललाय!" सत्तर फुटांवर पोचलो. धुकं नुकतंच विरत होतं. खाली वाळू, पुढे निळं पाणी, धक्क्याकडून सी लायनचं भुंकणं... आणि पोट घशात आलं. त्यानंतरची दीड मिनिटं मी कोणकोणत्या देवांना हाक मारली ते इथे लिहीत नाही. बाबांचा एकही आवाज नाही. गाडी थांबल्यावर पाहिलं, तर चष्मा मुठीत, केस उभे.

"बाबा, ठीक आहात ना?"

"वळणाला कॅन्ट छान दिलाय. बाहेरचा रूळ बरोबर उचललाय."

दुपार इकडेतिकडे गेली. स्काय ग्लायडरच्या पाळण्यात पाय हलवत बोर्डवॉकच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलो. गुहेतल्या ट्रेनमध्ये मुलगा अजिबात घाबरला नाही आणि त्याबद्दल नाराज झाला.

खरी मजा आली ती १९११च्या कॅरोसेलवर, लाकडी घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या चक्रावर. तो आर्थरच्या वडिलांचा, चार्ल्स लूफचा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा पहिला कॅरोसेलही १८७६ साली त्यांनीच बसवला होता. बाहेरच्या ओळीतल्या घोड्यावर बसायचं, फिरता फिरता बाजूच्या यंत्रातून धातूची कडी खेचायची आणि समोरच्या विदूषकाच्या तोंडात भिरकावायची. नेम लागला की दिवे लागतात. मुलाचे तीन नेम चुकले, चौथा लागला, आणि सकाळचा एक इंच तो विसरून गेला.

त्याच्या मागच्या घोड्यावर बाबा. त्यांनी पहिल्या झटक्यात कडी काढली, आणि निरखत बसले. अंगठ्याने कड घासून पाहिली, उन्हाकडे धरली. विदूषक गेला.

"आजोबा, फेका!"

"थांब रे. पूर्वी पितळेच्या असणार या. आता स्टील आहे."

विदूषक पुन्हा गेला. मग कॅरोसेलच मंदावला. उतरताना आजूबाजूची पोरं पळाली. बाबा मात्र ऑपरेटरसमोर जाऊन उभे राहिले आणि ती कडी त्याच्या तळहातावर ठेवली. तो "थँक यू, सर" म्हणाला. तरी बाबा जागचे हलेनात. मला शंका आली, हे आता पावती मागणार.