समुद्र किती पावलांवर आहे?

नागपुरात अंबाझरी आहे, फुटाळा आहे, समुद्र मात्र नाही. तरी माझा अख्खा दिवस समुद्र विकण्यात जातो. सुट्टीसाठी घरं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीच्या बुकिंग डेस्कवर मी बसते. ऑफिस आयटी पार्कात आणि घरं गुहागर, दिवेआगर, माथेरान, चिखलदरा, ताडोबा अशी कुठकुठं. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीत असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी मी कानाला हेडफोन लावून पुण्याच्या एखाद्या गृहस्थांना सांगत असते, "रात्री गारवा असतो सर, शाल असू द्या."

चिखलदऱ्याचा फोन आला की मी जरा जास्तच बोलते. घरचं आहे ना! मेळघाटात सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेलं, कॉफीचे मळे असलेलं. कीचकाला मारून भीमानं हात धुतले ते भीमकुंडही तिथलंच. एकदा हे सगळं ऐकून घेऊन पलीकडून विचारणा झाली, "छान. बीच किती लांब आहे?"

ताडोब्याच्या बाबतीत आमच्या नागपूरकरांची समजूत अशी, की घर बुक केलं म्हणजे वाघही त्यातच आला. घर आमचं, सफारी वनखात्याची. तिचं परमिट वेगळं काढायचं, ज्याच्या नावानं काढलं त्यानं ओळखपत्र घेऊन यायचं, हे समजावून सांगावं लागतं. त्यात मंगळवारी जंगल बंद. "काहून जी, मंगळवारी वाघाचा उपास असते का?" एका काकांनी विचारलं. मी हसले आणि त्यांना बुधवार दिला. माथेरानवाल्यांची अडचण वेगळी. गाडी दस्तुरी नाक्यावरच सोडायची, पुढे पायी, घोड्यावर वगैरे जायचं, हे सांगितलं की लोक माझीच समजूत घालतात, "नाही हो मॅडम, आमची छोटी गाडी आहे."

खरी मजा माणसं मोजण्यात. घर दहा जणांचं असतं. "दहाच आहोत. बाकी मुलं."

"मुलं म्हणजे किती वयाची?"

"लहानच आहेत. एक इंजिनिअरिंगला आहे."

रेट, ॲडव्हान्स, चेक-इन दोनचं की बाराचं, हे सगळं बहुतेक पुरुष बोलतात. मग फोन हातातून काढून घेतल्याचा आवाज येतो आणि घरातल्या बाई बोलायला लागतात. गॅसला शेगड्या किती? कुकर किती लिटरचा? मिक्सर चालतो ना? खोबरं खवायला विळी आहे का? समुद्र किती पावलांवर आहे, हे या बाईंनी मला कधीच विचारलेलं नाही. ते नवऱ्यानं आधीच विचारून घेतलेलं असतं. चार दिवस पाण्यात कोण खेळणार आणि ओट्याशी कोण उभं राहणार, याची वाटणी माझ्या हेडफोनमध्येच होते. रिझर्व्हेशनच्या ट्रेनिंगमध्ये याचं काही शिकवत नाहीत, तिथं फक्त "ग्राहकाला आणखी एक रात्र कशी विकावी" एवढंच.

म्हणून मी स्वतःपुरती एक युक्ती काढली आहे. कुकरचा प्रश्न आला, की म्हणते, "काकू, जरा फोन स्पीकरवर ठेवता का?" मग सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते की केअरटेकरच्या घरी जेवण मिळतं. सकाळी नाश्त्याला घावणे, दुपारी भात, आमटी, सोलकढी. मासे हवे असतील तर आदल्या रात्री सांगायचं. माणशी इतके रुपये. आकडा ऐकून नवरा क्षणभर गप्प होतो. तेवढ्यात मागून एखादं पोर ओरडतं, "आई, मला घावणे!" आणि काम होऊन जातं.

परवा गुहागरचं असंच एक बुकिंग झालं. रिमार्कमध्ये मी टाइप केलं, 'नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण केअरटेकरकडे.' पैसे आले, कन्फर्मेशन गेलं. पाच मिनिटांत त्याच नंबरवरून परत फोन. काकू होत्या, आवाज एकदम बारीक.

"अगं, चहापुरतं एखादं पातेलं तरी असेल ना तिथं?"

"आहे काकू."

"आणि गाळणी?"