सोनेरी महालात सोनं कुठंय?

मी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शिकलो हे कळलं, की पाहुणे हमखास विचारतात, "तिथं तो सोनेरी महाल आहे ना? खरंच सोन्याचा होता का?" परवा तुम्हीही विचारलंत, पण तेवढ्यात जेवायची पानं वाढली आणि उत्तर अर्ध्यावर राहिलं. ते आता पुरं करतो.

सोनं होतं, पण विटांचं नव्हे. आतल्या चित्रांत सोनेरी रंग भरला होता, म्हणून सोनेरी महाल. मीही विद्यार्थी असताना मान दुखेपर्यंत छताकडं बघत फिरलोय. बाकी इमारत साधी दगड-चुन्याची, उंच जोत्यावरची. आमच्या वर्गातला परभणीकडचा एक मित्र पहिल्यांदा बघून म्हणाला, "ह्याच्यापेक्षा आमच्या गावची गढी बरी की!" संध्याकाळच्या उन्हात महाल सोन्यासारखा उजळतो, असं लिहायचा मोह मी आवरतो. तेव्हा त्याची भिंत दिसते भाजलेल्या भाकरीसारखी.

मला विचाराल तर सोन्यापेक्षा बांधणाऱ्याची गोष्ट भारी आहे. हा महाल पहाडसिंग बुंदेल्याचा, १६५१ ते १६५३ मधला. कुठं बुंदेलखंडातलं ओरछा, कुठं औरंगाबाद! त्याचा भाऊ जुझारसिंग शहाजहानवर उलटला. ते बंड मोडायला १६३५ साली जी फौज निघाली, तिचं नावापुरतं का होईना नेतृत्व होतं कोवळ्या औरंगजेबाकडं. जुझारसिंग संपला. पुढं १६४१ साली शहाजहाननंच ओरछ्याची गादी पहाडसिंगाला दिली, आणि तो मोगलांची चाकरी करत दख्खनेत आला. ज्यांनी भावाला संपवलं, त्यांच्याच छावणीच्या शहरात, लेण्यांच्या डोंगराखाली, यानं महाल उठवला. इथं राहताना त्याच्या मनात काय येत असेल? पायऱ्यांवर बसून नोट्स उतरवताना मला परीक्षेपेक्षा याचाच विचार जास्त पडायचा. मार्कही तसेच पडले.

असे सरदार एकटेदुकटे नव्हते. शहरातल्या जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा या वस्त्यांना सगळी मोगलांबरोबर आलेल्या राजपुतांची नावं. कर्णपुऱ्याच्या यात्रेत रेवड्या खाताना बिकानेरचा राजा कर्णसिंग कुणाला आठवतो?

विद्यापीठ आलं त्यानंतर तीनशे वर्षांनी, १९५८ साली. बाहेरगावचे लोक येतात ते मुख्य गेटसमोर फोटो काढायला, आणि त्यात चूक काही नाही. नामांतरासाठी माणसांनी जीव दिलेत. १४ जानेवारीला त्या गेटसमोर हात जोडून उभी राहिलेली म्हातारी माणसं बघितली, की महालाबद्दल बोलायचं सुचत नाही. महाल मागं, डोंगराकडं आपला उभा. आता तिथं राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. अंगणात वेरूळ-अजिंठा महोत्सवही भरायचा. तेव्हा दिव्यांनी काय सोनेरी दिसायचा तेवढाच.

याल तेव्हा मकाई गेटकडून या, आणि उन्हाळ्यात दुपारी नको. वाटेत पहाडसिंगपुरा लागतो. हा पहाडसिंग कोण, असं मी एकदा रिक्षावाल्याला विचारलं होतं. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "असंल कुणी जुना नगरसेवक," म्हणाला.