प्रागची २२ नंबरची ट्राम आणि तीस वर्षांचं युद्ध

तीस वर्षं चाललेल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धाच्या प्रागमधल्या खुणा पाहायला मी तरी गाइडपेक्षा २२ नंबरची ट्राम बरी म्हणेन. किल्ला, रणांगण आणि चर्च तिन्ही तिच्याच मार्गावर आहेत. चढताच तिकिटावर पिवळ्या यंत्रात छाप मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

पहिला थांबा प्राझ्स्की ह्राद, म्हणजे किल्ला. गर्दी वाढायच्या आत सकाळीच जुन्या राजवाड्यात शिरावं. भव्य व्लादिस्लाव दालन बघून बहुतेक जण पुढे सरकतात. पण खरी जागा त्याला लागून असलेली बोहेमियाची, म्हणजे तेव्हाच्या चेक राज्याची कचेरी. १६०९ मध्ये इथला कॅथलिक राजा रुडॉल्फ दुसरा याने सनद देऊन प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य दिलं होतं. राजाच्या जमिनीवर चर्च बांधता येईल, हे ठरलं. पण मठांच्या जमिनी राजाच्या धरायच्या की नाही, यावर घोडं अडलं. ब्रोउमोव गावच्या प्रोटेस्टंट चर्चला टाळं लागलं, ह्रोबचं पाडलं गेलं. २३ मे १६१८ ला चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी राजाचे कॅथलिक कारभारी मार्टिनिट्स आणि स्लावाता, तसंच चिटणीस फाब्रिक्युस या तिघांना इथल्या खिडकीतून खाली फेकलं. युद्धाची ठिणगी पडली ती इथेच. तिघेही वाचले. कॅथलिकांच्या मते मेरीमातेने झेललं, प्रोटेस्टंटांच्या मते उकिरड्याने. खालच्या दक्षिण बागेत या घटनेची खूण म्हणून दोन छोटे स्तंभ आहेत. बाग उघडी आहे का, ते आधी बघून घ्या. तिथून मान वर करून खिडकी पाहिली की उंचीचा अंदाज येतो. मला उकिरड्यापेक्षा जाड डगले आणि भिंतीचा उतार जास्त पटतो.

पुन्हा ट्रामने शेवटच्या थांब्यावर, बीला होरा, म्हणजे रणांगण. दगडांची एक ठेंगणी रास आणि मोकळं माळरान, बाकी काही नाही. पाणी बरोबर ठेवा. ८ नोव्हेंबर १६२० ला कॅथलिक सैन्यासमोर बंडखोरांचं प्रोटेस्टंट सैन्य टेकडीवर, म्हणजे फायद्याच्या जागी होतं. पण पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी जेमतेम दोन तासांत पाठ दाखवली. बंडखोरांनी निवडलेला राजा फ्रेडरिक प्राग सोडून पळाला.

परतीला हेलिखोवाला उतरावं. जवळचं ‘विजयी मातेचं’ चर्च मुळात जर्मन लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांनी बांधलेलं. १६२४ मध्ये ते कार्मेलाइट या कॅथलिक साधूंना दिलं आणि नाव ठेवलं बीला होराच्या कॅथलिक विजयावरून. बाळ येशूची मूर्ती इथेच आहे, जेमतेम दीड फुटाची. नाशिकरोडच्या यात्रेतल्या बाळ येशूचं मूळ हेच. १६२८ मध्ये ती देणारी पोलिक्सेना लोब्कोवित्स म्हणजे खिडकीतून पडलेल्यांना आपल्या वाड्यात आसरा देणारी बाई.

इथून पायीच चार्ल्स पूल ओलांडायचा. पलीकडच्या बुरुजावर १२ मुंडकी दहा वर्षं टांगलेली होती. २१ जून १६२१ ला जुन्या शहरचौकात बंडातल्या २७ जणांना मारलं: २४ जणांची मुंडकी उडवली, तिघांना फाशी. शरीरशास्त्रज्ञ येसेनिउसची तर आधी जीभ कापली. नगरभवनाच्या पूर्व भिंतीपाशी फरसबंदीत २७ पांढरे क्रॉस आहेत. नगरभवनाच्या प्रसिद्ध घड्याळाची गर्दी दक्षिणेच्या बाजूला असते, म्हणून तासाच्या ठोक्यालाच इकडे निवांत बघता येतं. भिंतीवरच्या पाटीत दिविश चेर्नीनचं नाव शोधा. हा स्वतः कॅथलिक. किल्ल्याचा अधिकारी या नात्याने, खिडकीतून फेकाफेकी झाली त्या दिवशी, त्याने सरदारांना दार उघडून दिलं होतं.