नाताळला काय मागावे?

नोव्हेंबर निम्मा सरला की कॅनडातल्या आमच्या मिसिसागा शहरात एकच प्रश्न सगळीकडून ऐकू येऊ लागतो : यंदा नाताळला तुम्हाला काय हवे? शेजारच्या आजी मुलांना विचारतात, कार्यालयात कोणी कोणाला भेट द्यायची हे ठरवणाऱ्या नावांच्या चिठ्ठ्या निघाल्या की सहकारी विचारतात आणि आता नाशिकहून आईबाबाही व्हिडिओ कॉलवर विचारू लागले आहेत. "कशाला उगीच, काही नको" असे म्हणण्याच्या वळणात वाढलेल्या आपल्या लोकांना याचे उत्तर देणे जड जाते. मागणे म्हणजे हावरेपणा, हे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. तरीही इथे संसार थाटल्यापासून माझे मत असे झाले आहे की नाताळच्या भेटी विचार करून आणि स्पष्ट शब्दांत मागाव्यात व मुलांनाही तसे मागायला शिकवावे. आपण न मागितल्याने भेट टळत नाही. देणारा देतोच, फक्त अंदाजाने देतो.

अंदाजाने दिलेल्या भेटींचे काय होते, याचा हिशोब जोएल वाल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडला होता. मिळालेली वस्तू स्वतः घ्यायची असती तर तिच्यासाठी किती पैसे मोजले असते, असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले आणि उत्तरांवरून असा निष्कर्ष काढला की भेटींच्या किमतीपैकी १० टक्क्यांपासून सुमारे एक तृतीयांशापर्यंतचे मोल वाया जाते. जवळच्या मित्रांच्या भेटींत ही तूट कमी होती, दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत अधिक. परदेशात राहणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण आपले सगळेच नातेवाईक दूरचे असतात. नात्याने नव्हे, अंतराने. नातवंडाच्या बुटाचे माप त्यांना कळणार तरी कसे?

इथल्या मुलांना मागण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. टोरांटोच्या ईटन्स या दुकानाचा कॅटलॉग १८८४ पासून १९७६ पर्यंत निघत असे, आणि त्याच्या पानांवर खुणा करत मुले आपली यादी ठरवत. आता मुले पडद्यावर पाहून ठरवतात, पण सांताला पत्र लिहिण्याची प्रथा टिकून आहे. कॅनडाच्या टपाल खात्याने त्याच्यासाठी खास पिनकोड ठेवला आहे. इंग्रजी एच आणि शून्य आलटून पालटून लिहिलेला तो कोड वाचला की सांताचे 'हो हो हो' हसणेच ऐकू येते. पत्राला तिकीट लागत नाही. आपला पूर्ण पत्ता मात्र लिहावा, कारण त्यावर सांताचे उत्तर येते.

या पत्रात काय मागावे, यावर आमच्या घरी बराच खल होतो. सांताकडे एकच आणि साधी वस्तू मागायची, महागडी हवी असेल तर ती आईवडिलांकडे मागायची, असा आमचा नियम आहे आणि त्यावर मी ठाम आहे. जानेवारीत शाळा उघडली की मुले आपापल्या भेटी एकमेकांना सांगतात. एकाला सांताने गेमिंग कन्सोल दिला आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला हातमोजे, तर हातमोजेवाल्याने काय समजायचे? आपण पुरेसे शहाण्यासारखे वागलो नाही, असेच तो समजणार. त्याच्या आईवडिलांच्या मिळकतीचा विचार त्याच्या मनात येणारच नाही. टोरांटो स्टार या वृत्तपत्राचे संपादक जोसेफ अॅटकिन्सन यांनी १९०६ मध्ये गरजू मुलांसाठी सांताक्लॉज निधी सुरू केला, आणि त्यातून आजही दर नाताळात मुलांपर्यंत पेट्या पोहोचतात. पेटीत खेळणे, पुस्तक आणि खाऊ असतोच, पण त्याबरोबर उबदार टोपी, हातमोजे आणि पायमोजेही असतात. स्वतःची यादी लिहिण्याआधी मुलांनी ही यादी वाचावी, असे मला मनापासून वाटते.

मागणी स्पष्ट असावी म्हणजे किती स्पष्ट, हे स्केट्सवरून कळते. बर्फावरच्या हॉकीचे स्केट्स साधारणपणे रोजच्या बुटांपेक्षा एक ते दीड माप लहान लागतात, त्यामुळे देणाऱ्याला बुटाचे माप सांगून भागत नाही. दुकानात पाय मोजून घ्यावा, तो आकडा कळवावा आणि सोबत वस्तू बदलून घेता येईल अशी, किंमत न छापलेली पावती अवश्य ठेवायला सांगावी. मुलांचे पाय एका हिवाळ्यात वाढतात, म्हणून वापरलेले स्केट्सही चालतील, हे आपणहून सांगावे. त्याने देणाऱ्याचा संकोच जातो.

कॅनडातच राहणाऱ्या आत्याने विचारले, तेव्हा आम्ही मुलांच्या शिक्षणासाठीच्या नोंदणीकृत बचत योजनेत थोडी रक्कम मागितली. या योजनेत वर्षाला पहिल्या २,५०० डॉलरवर सरकार २० टक्के, म्हणजे ५०० डॉलरपर्यंत भर घालते आणि एका मुलामागे हे अनुदान एकूण ७,२०० डॉलरपर्यंत मिळू शकते. मुलांना त्यात उघडून बघण्यासारखे काही नसते, म्हणून आत्याकडे एक गोष्टीचे पुस्तकही मागितले.

नाशिकहून पार्सल पाठवायचे तर टपालखर्चच वस्तूच्या वर जातो. तेव्हा आजीकडे काय मागावे, याचा मुलीने पुष्कळ विचार केला आणि शेवटी आजीने स्वतः विणलेली कानटोपी मागितली, कारण डिसेंबरात इकडे येणाऱ्या कोणाच्याही बॅगेत ती मावते. आजीने मापाची फीत कुठून कशी धरायची ते कॉलवर दाखवले : कपाळावरून, कानांच्या किंचित वरून, मागे डोक्याच्या फुगवट्यावरून. मग तिने फीत एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत पुन्हा धरायला लावली, कारण कान पूर्ण झाकले गेले पाहिजेत, ही मुलीची अट होती. लोकर टोचता कामा नये, ही दुसरी अट. आजी लगेच आतून मऊ अस्तर लावायच्या तयारीला लागली. "काहीही चालेल" असे उत्तर मिळाले असते, तर तिने बाजारातून एखादा फ्रॉक आणला असता आणि तो बसेल की नाही या काळजीत राहिली असती.

मोठ्यांनी स्वतःसाठी मागणे सर्वांत अवघड असते, पण तेही टाळू नये. कार्यालयातल्या चिठ्ठ्यांमध्ये खर्चाची मर्यादा ठरलेली असते. तिच्या आतल्या, वेगवेगळ्या किमतींच्या दोन-तीन वस्तू लिहाव्यात, म्हणजे देणाऱ्याला निवड राहते. यंदा मी लिहिले आहे : आल्याचा चहा गरम राहील असा अर्ध्या लिटरचा थर्मास, झाकण घट्ट बसणारे, किंवा जाड लोकरीचे पायमोजे, किंवा कुंडीत लावण्यासाठी कोथिंबीर आणि मेथीचे बी.