बिंदू नसलेले प्रतल

गुणाकाराचा क्रमनिरपेक्ष गुणधर्म आपण शाळेत शिकतो आणि पुढे विसरून जातो, कारण तो मोडलेला कुठे दिसत नाही. क्वांटम यामिकीत मात्र तो सुरुवातीलाच मोडतो. स्थानाचा कारक (त्या राशीसाठीची गणिती क्रिया) आधी लावला की संवेगाचा, यावर उत्तर अवलंबून राहते. या दोन क्रमांतला फरक आय गुणिले एच-बार (आय म्हणजे उणे एकचे वर्गमूळ, एच-बार म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) एवढा असतो आणि अनिश्चिततेचे तत्त्व त्यातूनच निघते. १९२५ साली मॅक्स बॉर्न आणि पास्कुआल योर्डान यांनी हा संबंध मांडला, तेव्हापासून तो या विषयाचा पाया आहे. त्याच्या शेजारी आणखी एक ओळ असते, जी मी कित्येक वर्षे न थांबता वाचत आलो: क्ष-दिशेचे स्थान आणि य-दिशेचे स्थान यांचा क्रम बदलला तरी चालतो. ही ओळ कशातूनही सिद्ध होत नाही. ते एक गृहीतक आहे, आणि ते सोडून दिले तर काय उरते, हा प्रश्न मला आता या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

समजा, दोन स्थानकारकांच्या गुणाकारांतला फरक आय गुणिले थीटा आहे. येथे थीटा ही स्थिर राशी असून तिचे एकक क्षेत्रफळाचे आहे. मग क्ष आणि य या दोन्ही स्थानांतील अनिश्चिततांचा गुणाकार थीटाच्या निम्म्याहून कमी होऊ शकत नाही, म्हणजेच कण अमुक एका बिंदूवर आहे असे सांगणारी अवस्थाच अस्तित्वात राहत नाही. ‘प्रतलावरच्या या बिंदूवर तरंगफलाची किंमत किती’ असे आपण सवयीने विचारतो (तरंगफल म्हणजे कणाच्या अवस्थेचे वर्णन करणारे फल), पण येथे त्या प्रश्नालाच अर्थ उरत नाही. प्रतल दोन पाय गुणिले थीटा एवढ्या क्षेत्रफळाच्या अंशांत वाटले जाते आणि प्रत्येक अंशाच्या वाट्याला एकच अवस्था येते. मात्र या अंशांना ठरलेल्या कडा नसतात, त्यामुळे त्यांची फरशीशी तुलना केली तर दिशाभूल होईल.

ही कल्पना अलीकडची नाही. हायझेनबर्ग यांनी १९३० साली पायर्ल्स यांना लिहिलेल्या पत्रात ती सुचवली होती. पायर्ल्स यांच्याकडून ती पाउलींकडे, तेथून ओपेनहायमर यांच्याकडे गेली, आणि त्यांचे विद्यार्थी हार्टलँड स्नायडर यांनी १९४७ साली तिच्यावरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. क्षेत्रसिद्धांतात पदोपदी येणाऱ्या अनंत राशींना आळा घालणे हा तेव्हाचा हेतू होता. लवकरच पुनःप्रसामान्यीकरणाची, म्हणजे त्या अनंत राशी मोजलेल्या राशींत सामावून घेण्याची, रीत यशस्वी ठरली आणि ही वाट बरीच वर्षे ओस पडली. १९९९ साली सायबर्ग आणि विटेन यांनी तंतुसिद्धांतात (मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने असे मानणाऱ्या सिद्धांतात) अशीच भूमिती कशी उगवते हे दाखवले, त्यानंतर या वाटेवर पुन्हा वर्दळ वाढली.

या इतिहासामुळे अनेकांची अशी समजूत होते की सगळा प्रकार प्लांक लांबीच्या, म्हणजे १० चा उणे ३५ वा घात इतक्या मीटरच्या, आवाक्याबाहेरच्या जगातला आहे. माझीही तीच समजूत होती, आणि ती चूक होती. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे पाहिले की ती गळून पडते.

प्रतलाला लंब असे एकसमान चुंबकीय क्षेत्र लावले की इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतो. लँडाउ यांनी १९३० साली दाखवल्याप्रमाणे त्याची ऊर्जा समान अंतराच्या पायऱ्यांनी, म्हणजे ऊर्जापातळ्यांनी, वाढते. आता इलेक्ट्रॉनचे स्वतःचे स्थान बाजूला ठेवून त्या वर्तुळाच्या केंद्राचे दोन निर्देशक घ्यावेत आणि त्यांचा कम्युटेटर, म्हणजे दोन क्रमांच्या गुणाकारांतला फरक, काढावा. तो शून्य येत नाही. चिन्ह सोडले तर तो आय गुणिले चुंबकीय लांबीचा (क्षेत्राच्या प्रबळतेवरून ठरणाऱ्या अंतराचा) वर्ग एवढा येतो, आणि ही लांबी १ टेस्ला क्षेत्रात सुमारे २६ नॅनोमीटर, तर १० टेस्लात सुमारे ८ नॅनोमीटर असते. क्षेत्र पुरेसे प्रबळ असेल आणि इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पातळीवरच अडकून राहिला, तर त्याच्या स्थानाबद्दल जे काही बोलता येते ते या केंद्राबद्दलच असते. अशा वेळी य-निर्देशक हाच क्ष-निर्देशकाच्या संवेगाचे काम करू लागतो. स्थितिज ऊर्जेच्या टेकडीवर ठेवलेले केंद्र उतारावरून खाली घरंगळत नाही, तर समान उंचीच्या रेषेवरून टेकडीला प्रदक्षिणा घालते. हे प्रथम समजले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

थीटाच्या जागी चुंबकीय लांबीचा वर्ग ठेवून एका अवस्थेला लागणारे क्षेत्रफळ ठरले की पुढचा हिशेब एका ओळीचा आहे. एक पूर्ण भरलेली पातळी हॉल वाहकतेत (प्रवाहाच्या आडव्या दिशेच्या विद्युतदाबावरून ठरणाऱ्या वाहकतेत) इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक एवढी भर घालते. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० साली प्रयोगात हॉल रोधाच्या ज्या पायऱ्या दिसल्या, त्यांचे एकक याच राशीचा व्यस्त, म्हणजे सुमारे २५८१२.८ ओहम आहे. प्रत्यक्ष पदार्थातल्या अशुद्धींनंतरही या पायऱ्या इतक्या सपाट का राहतात, याचे स्पष्टीकरण अधिक खोल आहे आणि त्याला स्वतंत्र लेख लागेल.

ज्याला हा विषय हाताने करून पाहायचा आहे, त्याने द्विमितीय आवर्ती दोलकापासून (केंद्राकडे अंतराच्या प्रमाणात ओढल्या जाणाऱ्या कणापासून) सुरुवात करावी. क्ष-स्थानातून य-संवेगाचा थीटा भागिले दोन एच-बार इतका पट वजा करावा, य-स्थानात क्ष-संवेगाचा तितकाच पट मिळवावा, म्हणजे नेहमीच्या क्रमनिरपेक्ष स्थानांतूनच हवा तो कम्युटेटर तयार होतो. ही स्थाने दोलकाच्या ऊर्जेत घातली की कोनीय संवेगाच्या प्रमाणात असलेले एक नवे पद आपोआप प्रकटते, जणू कोणी न सांगता चुंबकीय क्षेत्रच लावले आहे. पहिल्या उत्तेजित पातळीवर एकाच ऊर्जेच्या दोन अवस्था असतात. त्या आता वेगळ्या होतात आणि त्यांच्यातले अंतर वस्तुमान, कोनीय वारंवारतेचा वर्ग आणि थीटा यांच्या गुणाकाराइतके नेमके येते.

त्रिमितीत गेल्यावर माझा उत्साह कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. प्रतलात थीटा ही साधी संख्या असते आणि प्रतल फिरवले तरी ती बदलत नाही. त्रिमितीत तीच राशी सदिशासारखी वागते, त्यामुळे रिकाम्या अवकाशात एक खास दिशा निवडली जाते, आणि अशी दिशा निसर्गाने का निवडावी याचे समाधानकारक उत्तर मला कोठे सापडलेले नाही. हायड्रोजन अणूवर याचा काय परिणाम होईल याचा हिशेब २००१ साली चायचियन, शेख-जब्बारी आणि तुरेआनू यांनी मांडला आणि लँबच्या स्थलांतराच्या (हायड्रोजनच्या दोन ऊर्जापातळ्यांतील सूक्ष्म फरकाच्या) अचूक मापनावरून थीटावर मर्यादा घातली. त्यात एक बारकावा आहे. विरुद्ध प्रभाराच्या दोन कणांचे थीटा विरुद्ध चिन्हांचे असतील, तर त्यांच्या सापेक्ष स्थानासाठी दोन्ही थीटांची बेरीज होते आणि ती शून्य येते. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या बाबतीत तसे घडत असेल, तर ज्या अणूवर आपण एवढा भरवसा ठेवला तो या प्रश्नावर, निदान पहिल्या पायरीवर, काहीच सांगत नाही, आणि प्रोटॉन स्वतः क्वार्कांचा बनलेला असल्यामुळे त्याचा थीटा कोणता मानायचा हाही प्रश्न सुटत नाही.