आमची वाटचाल : फिरत्या दिव्यापासून लाइट कर्टनपर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात इशाऱ्याचे दिवे बनतात. खोली उजळणारा दिवा आम्ही आजवर बनवलेला नाही. आमचा दिवा लागला की कुणीतरी थांबायला हवं, बाजूला व्हायला हवं किंवा धावत यायला हवं. नवीन काम आलं की आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच विचारतो : हा दिवा कुणाला दिसणार, आणि दिसल्यावर त्यानं काय करायचं? उत्तर ठरेपर्यंत आम्ही कोटेशन देत नाही.

नव्वदच्या दशकात मी आणि धाकट्या भावानं हे काम सुरू केलं. तो टूलरूममध्ये तयार झालेला, मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. पहिला माल होता गोल फिरणारा दिवा, क्रेन आणि रुग्णवाहिकांवर असायचा तो. त्यात हॅलोजनचा बल्ब मधोमध स्थिर असतो आणि त्याच्याभोवती लहानशा मोटरवर आरसा फिरतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, दिवाच लुकलुकतोय. रचना सुंदर, पण हादऱ्यांनी बल्बची तार तुटायची, मोटरचा पट्टा झिजायचा, आणि नेमका पावसाळ्यात दिवा बंद पडायचा. मग आम्ही झेनॉन ट्यूबकडे वळलो. फोटोग्राफरचा फ्लॅश असतो तोच प्रकार : कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका क्षणात ट्यूबमधून सोडायची. अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात हे तंत्र नावारूपाला आणलं.

एलईडीनं आमचा धंदाच बदलून टाकला. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ साली दाखवला, पण भरपूर उजेड देणारा निळा यायला नव्वदचं दशक उजाडलं. त्या निळ्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा आम्ही गाळ्यात पेढे वाटले. कारण निळ्यामुळेच निळा आणि पांढरा, हे दोन्ही रंग एलईडीत देणं आम्हाला शक्य झालं. मोटर गेली, पट्टा गेला, तार गेली.

लाल दिव्याबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. एके काळी आमच्याकडे गाडीच्या टपावरच्या लाल दिव्याची चौकशी सतत असायची, आणि विचारणाऱ्यांतल्या अनेकांचा रुग्णांशी वा आगीशी काही संबंध नसायचा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लाल दिव्याचा वापर घटनात्मक पदांपुरता ठेवायला सांगितलं, आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारनं तातडीच्या सेवा सोडून सगळ्यांच्याच गाड्यांवरून तो उतरवला. आमचा खप घटला, तरी मला हा निर्णय तेव्हाही पटला आणि आजही पटतो. प्रत्येक चौकात मानासाठी दिवे फिरू लागले, तर खऱ्या रुग्णवाहिकेला वाट कोण देणार?

तोवर आमचं निम्म्याहून जास्त काम टॉवर लॅम्पचं झालं होतं. मशीनच्या डोक्यावर एकावर एक रचलेले लाल, पिवळे, हिरवे दिवे तुम्ही पाहिले असतील. प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनांच्या शेडमध्ये, आवाजाचं प्रमाण प्रचंड असतं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. तिथे कानात प्लग घालून काम करणाऱ्या माणसाला भोंगा वाजवून बोलावणं व्यर्थ आहे, त्याला दिवाच दिसायला हवा. लाल म्हणजे आणीबाणी, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडत चाललंय, हिरवा म्हणजे सुरळीत, निळा म्हणजे ऑपरेटरनं येऊन काही करणं भाग आहे. लाल नेहमी सगळ्यात वर. लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष कमी नाहीत, आणि त्यांना रंग कळला नाही तरी जागा कळते. काही गिऱ्हाइकं रंगांचा अर्थ आपल्या सोयीनं बदलून मागतात. त्यांना आम्ही हात जोडून नाही म्हणतो. आज इथे असलेला कामगार उद्या चाकणच्या दुसऱ्या शेडमध्ये जातो, तिथे त्याच रंगाचा दुसरा अर्थ निघाला तर त्याचा हात जाईल.

हात जाण्यावरून आता मुख्य गोष्टीकडे येतो. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं या पट्ट्यात काम केलेल्या प्रत्येकानं पाहिली आहेत. मीही पाहिली, आणि म्हणूनच आम्ही लाइट कर्टनच्या कामात उतरलो. डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, पुढे एका बाजूला इन्फ्रारेड एलईडींची उभी रांग, समोर तेवढेच रिसीव्हर. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मध्ये प्रकाशाचा पडदा असतो. हात आत गेला, एक जरी किरण तुटला, की प्रेसला थांबण्याचा हुकूम जातो. किरण ठरावीक वेगानं चालू-बंद होत राहतात, म्हणून शेजारच्या वेल्डिंगच्या उजेडानं रिसीव्हर फसत नाही. आउटपुट दोन असतात आणि सर्किट स्वतःला सतत तपासत राहतं. एक आउटपुट अडकलं तरी दुसरं प्रेस थांबवतं.

कल्पना जुनी आहे. सेलेनियमवर उजेड पडला की त्याचा विद्युतरोध घटतो, हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथ यांनी जाहीर केलं. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्याच सेलेनियमच्या आधारे वॉशिंग्टनमध्ये प्रकाशाच्या झोतावरून बोलणं सुमारे २१३ मीटर पलीकडे पोचवलं. आणि त्याआधी, १८६९ च्या सुमारास, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत हेन्री मान्स यांनी आरशानं सूर्यप्रकाश लुकलुकवून संदेश पाठवणारा हेलिओग्राफ बनवला. नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला हे सगळं सांगतो. आपण सोल्डर करतो त्या वस्तूमागे केवढी माणसं उभी आहेत, हे त्याला ठाऊक हवं.

पण लाइट कर्टन विकत घेऊन लावला की काम झालं, हा समज फार घातक आहे. आपल्याकडच्या लहान शेडमध्ये आजही पिन क्लचचे जुने प्रेस आहेत. पेडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, अडकते आणि स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत सुटत नाही. अशा प्रेसला मध्येच थांबवताच येत नाही. त्यावर कर्टन लावला तर हात आत गेल्याचं त्याला कळेल, दिवाही लागेल, आणि रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, तरीही खाली येईल. वर ऑपरेटर कर्टनच्या भरवशावर जास्तच निर्धास्त होईल. अशा प्रेससाठी आम्ही कर्टन देत नाही. आधी हवेच्या दाबावर चालणारा, प्रेसला मध्येच थांबवणारा न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवा किंवा डायला पक्कं गार्ड करा, मग बोलू. या अटीपायी ऑर्डरी गेल्या आहेत, पुढेही जातील.

दुसरी बाब अंतराची. हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असेल, तर १४ मिलिमीटर जाडीची वस्तू, म्हणजे बोटही, ओळखणारा कर्टनसुद्धा डायपासून किमान ४०० मिलिमीटर लांब हवा. त्याहून जवळ लावला तर प्रेस थांबायच्या आत हात पोचलेला असतो. मालक म्हणतात, लांब लावला की जॉब ठेवायला ऑपरेटरला वेळ लागतो, प्रॉडक्शन घटतं. तेव्हा माझा भाऊ थांबण्याचा वेळ मोजायचं मीटर काढतो आणि त्यांच्यासमोरच मोजून दाखवतो. ब्रेकचं लायनिंग झिजलं की हा वेळ वाढतो, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. आम्ही ती करतो.

गळीत हंगामासाठी आम्ही चुंबकानं चिकटणारा पिवळा फ्लॅशर करतो. उसाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे लोंबणाऱ्या उसाआड झाकले जातात, तेव्हा हा वेगळ्या बॅटरीवर चालतो. सोबत चमकणारी पट्टी लावायचा आग्रह धरतो, कारण बॅटरी संपली तरी मागून येणाऱ्याच्या हेडलाइटात ती चमकतेच.

आणि शेवटचं, सौ.च्या पुढाकारानं उभं राहिलेलं काम. आमच्याकडे जोडणीच्या टेबलावर कर्णबधिर मुली आहेत. त्यांचं सोल्डरिंग गाळ्यात सगळ्यांत स्वच्छ. त्यांच्याशी बोलताना सौ.ला कळलं की घरी दाराची बेल, कुकरची शिट्टी, धुराचा अलार्म यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्यांच्या घरांसाठी आम्ही बेलला आणि स्मोक डिटेक्टरला जोडलेले फ्लॅशर करू लागलो. सेकंदाला एक ते दोन झळाळ्या, त्याहून जास्त नाही, कारण वेगानं लुकलुकणाऱ्या प्रकाशानं काहींना फिट येऊ शकते. एका खोलीत दोन फ्लॅशर असतील तर ते एकाच ठेक्यात लागले पाहिजेत, नाहीतर दोघांच्या झळाळ्या मिळून वेग दुप्पट होतो. मात्र गाढ झोपलेल्या माणसाला नुसत्या दिव्यानं जाग येईलच असं नाही. म्हणून झोपायच्या खोलीसाठी गादीखाली ठेवायचं थरथरणारं पॅड सोबत देतो. पॅड नको, फक्त दिवा द्या, असं कुणी म्हटलं तर सौ. त्यांना बसवून समजावते. या मालात नफा नगण्य आहे. बंद करायचा विचार आमच्यापैकी कुणीही केलेला नाही.

लाइट कर्टनसाठी आमच्याकडे येणार असाल तर प्रेसच्या क्लचचा फोटो, टनेज (दाबाची ताकद) आणि मिनिटाला स्ट्रोक किती ते आणा. क्लच कुठल्या प्रकारचा आहे हे माहीत नसेल तरी हरकत नाही, भाऊ येऊन पाहील. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.