यूट्यूब की इन्स्टा?

मी लोकांचे व्हिडिओ एडिट करून देतो, त्यामुळे "चॅनेल कुठे काढू, यूट्यूबवर की इन्स्टावर?" हे मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. व्ह्यूज नंतर मोजा, आधी पैसे कोणत्या हिशेबाने मिळणार ते बघा: जाहिरातींतला वाटा की कंपनीने स्वतःच्या खिशातून दिलेला बोनस?

लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतले 55 टक्के यूट्यूब आपल्याला देतं. शॉर्ट्ससाठी, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी, 2021 मध्ये 10 कोटी डॉलरचा फंड काढला होता. फेब्रुवारी 2023 पासून तिथेही वाटा आला, पण 45 टक्के, आणि तोही सगळ्या शॉर्ट्सचा गल्ला एकत्र करून, गाण्यांचे पैसे बाजूला काढून. लाखभर व्ह्यूजवर जमा झालेली रक्कम बघून माणसं माझ्यावरच चिडतात!

बोनसचं तंत्र वेगळं. स्नॅपचॅटने 2020 च्या नोव्हेंबरात स्पॉटलाइट हा छोट्या व्हिडिओंचा विभाग काढला तेव्हा रोज 10 लाख डॉलर वाटले जात होते. पुढच्याच वर्षी हात आखडता घेतला. इन्स्टाने रील्सचा बोनस 2023 मध्ये अमेरिकेत थांबवला. गर्दी जमेपर्यंतच ही उधळण असते. मायक्रोसॉफ्टने तर 2019 मध्ये ट्विच या लाइव्ह गेमिंगच्या साइटवरचा निन्जा नावाचा बडा स्ट्रीमर (लाइव्ह खेळून दाखवणारा) मिक्सर या आपल्या तशाच साइटवर आणला आणि वर्षभरात मिक्सरच बंद केलं. निन्जा परत ट्विचवर गेला. मिक्सरवर चार-पाचशे प्रेक्षक जमवून बसलेल्यांना तसं कोण बोलावणार होतं?

आपल्याकडे 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत मोज, जोश ही तशीच ॲप आणि इन्स्टाचं रील्स हजर. सप्टेंबरात शॉर्ट्सची पहिली चाचणीही भारतातच झाली. खेड्यापाड्यातल्या पोरांचे फॉलोअर मात्र टिकटॉकवरच राहिले, ते कुठल्याच ॲपवर उचलून नेता आले नाहीत. म्हणून मूळ फाइली हार्ड डिस्कवर ठेवा, हे मी प्रत्येकाला बजावतो. ऐकतं कोण!

आता तुमचं. पॉवर टिलर दुरुस्ती शिकवणार असाल तर यूट्यूब, कारण तीन वर्षांनीही कुणीतरी ते शोधत येईल. साड्या विकायच्या असतील तर खुशाल इन्स्टा. तिथे पैसे कंपनीकडून नाही, गिऱ्हाइकाकडून येतात. आणि नोकरी सोडू का, हा तुमचा पुढचा प्रश्न ठरलेलाच आहे. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा सुरू व्हायलाच 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचा वॉचटाइम लागतो, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सवर 1 कोटी व्ह्यूज. तोवर तरी नको.